रान कोणाचं आणि भीती कोणाची: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण जंगलातल्या भीतीच्या सचित्र गोष्टींवर पानं दिली होती, म्हणजे त्या जर्मनी-नॉर्वेकडच्या काळ्याकुट्ट परीकथा आणि त्यांची जुनी चित्रं. त्यानंतर जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत ना, बापरे. त्यातली निम्म्याहून जास्त कोकणातली, आणि ते साहजिकच आहे, भुताचा विषय निघाल्यावर कोकणी माणूस गप्प बसला असं कधी झालंय का. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. "तुमचा पत्ता द्या, आमच्या परसातली हडळ दाखवतो" असं लिहिणाऱ्यांनी कृपया समजून घ्या.

माझ्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या मामाने परीकथांचं जाड चित्रांचं पुस्तक आणून दिलं. त्यात सिंड्रेलाची बहीण बुटात पाय बसावा म्हणून टाच कापते. पोरगी आता रात्री न्हाणीत एकटी जात नाही. ही खरंच मुलांची पुस्तकं आहेत का हो?
*(एक आई, चिपळूण)*

खरं सांगायचं तर सुरुवातीला नव्हतीच. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या परीकथांचा पहिला भाग १८१२ साली आला तेव्हा त्यात चित्र एकही नव्हतं, उलट गोष्टींवर अभ्यासाच्या टिपा होत्या, म्हणजे एकूण मामला पंडिती. त्यात एक गोष्ट तर अशी होती की मुलं खाटीक-खाटीक खेळतात आणि खेळता खेळता खरंच एकाचा गळा चिरतात. लोकांनी बोंब मारली, १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गोष्ट गेली. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, नंतर ती सावत्र झाली. हॅन्सेल-ग्रेटेल या भावंडांना रानात सोडून यायचा हट्ट धरणारीही आधी सख्खीच, तिला सावत्र करायला अजून बरीच वर्षं गेली.

चित्रं कशी आली ते पण मजेशीर आहे. १८२३ मध्ये लंडनला जॉर्ज क्रुकशँकची चित्रं घालून इंग्रजी भाषांतर काढलं, ते जोरात खपलं, मग या दोघा भावांना कळलं की हे प्रकरण असं चालतं, आणि १८२५ मध्ये त्यांनी निवडक ५० गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, चित्रं काढायला घरातलाच धाकटा भाऊ लुडविग. तेव्हापासून हे मुलांचं पुस्तक. पण गंमत बघा, आईला सावत्र केलं तरी शेवटी हिमगौरीच्या दुष्ट राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात, ते जोडे कुणी काढले नाहीत. दुष्टाला शिक्षा झाली की रक्त चालतं, असा त्यांचा एकूण हिशोब दिसतो.

आता तुमच्या पोरीचं. पुस्तक काढून घेऊ नका, लपवलेलं पुस्तक दुप्पट भीतीदायक होतं. दिवसाउजेडी पडवीत बसून तिच्याबरोबर वाचा आणि पान तिलाच उलटू दे, तुम्ही उलटू नका. नको वाटलं तर ती थांबेल, पुढे बघावंसं वाटलं तर बघेल, तेवढं तिच्या हातात राहिलं की बरंच काम होतं. आणि न्हाणीत बल्ब लावा. निम्मा दोष पुस्तकाचा असेल, निम्मा त्या काळोख्या न्हाणीचा आहे.

मी फाइन आर्टला आहे. रानातल्या भीतीची चित्रमालिका करायचीय. पण काहीही काढलं तरी ते परदेशातलं जंगल वाटतं. उंच सरळ झाडं, धुकं, लांडगा, टोपडं घातलेली म्हातारी. घराच्या मागे एवढं रान असून हे असं का होतंय?
*(एक विद्यार्थी, कुडाळ)*

होणारच, कारण आपण सगळे तीच चित्रं बघून मोठे झालो. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरेने १८६२ मध्ये पेरो या जुन्या फ्रेंच लेखकाच्या परीकथांना जी चित्रं केली त्यांची छाया आजच्या मोबाईल गेमपर्यंत पसरलीय. आणि डोरे वाईट आहे का, तर अजिबात नाही. लाल टोपीवाल्या पोरीचं त्याचं ते बिछान्यातलं चित्र काढून बघ. लांडगा आजीची टोपी घालून पडलाय, पोरगी त्याच्या शेजारीच पांघरूण छातीशी धरून आहे आणि त्याच्याकडे बघतेय, बस. दात विचकलेले नाहीत, रक्त नाही. तिला कळलंय की नाही हेच आपल्याला कळत नाही आणि तिथेच घसा कोरडा पडतो. (पेरोच्या १६९७ च्या मूळ गोष्टीत लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते, वाचवायला शिकारी येतो तो ग्रिमांकडे.) हे शिकायचं त्याच्याकडून. झाडं नाही उचलायची.

आपलं रान कसं आहे ते आधी नीट बघ. सरळ खांबासारखी झाडं आपल्याकडे कुठे आहेत? आपल्याकडे गारंबीचा वेल आहे, मांडीएवढा जाड, पिळ पडलेला, या झाडावरून त्या झाडावर गेलेला आणि त्याला हातभर लांब शेंगा लटकतायत. दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची दलदल आहे, मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात ती, देवराई म्हणूनच टिकली. तिथे मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात आणि वळून परत चिखलात जातात, दुमडलेल्या गुडघ्यांसारखी, एक नाही दोन नाही, सगळी जमीनच तशी. तुला राक्षस वेगळा काढायची गरज काय आहे मग. पावसाळ्यात सह्याद्रीत कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी येते, हिरवट उजेड पडतो, तो बॅटरी चालू असेल तर दिसतच नाही, बॅटरी बंद करून डोळे काळोखाला सरावले की मग हळूहळू दिसायला लागतो. हे गोष्टीत घालण्यासारखं आहे की नाही सांग: उजेड विझवल्याशिवाय जे दिसत नाही ते. आणि सातवीण. दिवाळीच्या आसपास रात्री तिच्या फुलांचा जो वास सुटतो त्याने डोकं जड होतं, त्या झाडाखाली झोपू नये म्हणतात, इंग्रज तिला सैतानाचं झाड म्हणायचे, आणि त्याच लाकडाच्या शाळेतल्या पाट्या करायचे. वास कागदावर येत नाही हे मान्य, पण नाकाला पदर लावलेली बाई काढता येते ना.

आता मुद्द्याचं बोलू. तिकडच्या गोष्टीत रान म्हणजे टाकून द्यायची जागा. घरात खायला नाही, पोरं रानात सोडून या. रान कुणाचंच नाही, म्हणून तिथे कोणीही भेटतं. आपल्याकडे असं नाही. आपल्या रानाला मालक आहे. देवराईत शिरताना राखणदाराला हाक मारतात, नारळ ठेवतात, आतलं सुकलेलं लाकूडसुद्धा घरी आणत नाहीत. त्यामुळे आपल्या गोष्टीतली भीती हरवण्याची कमी आणि काहीतरी उचलून आणल्याची जास्त असते. हे एकदा डोक्यात बसलं की तुझी चित्रं आपोआप कुडाळची होतील बघ. हॅन्सेल वाट सापडावी म्हणून आधी खडे टाकतो, मग पावाचे तुकडे टाकतो, ते पाखरं खातात, म्हणजे वाट पुसली जाते. आपला चकवा उलटा आहे. वाट तिथेच असते, ओळखीची असते, रोजची पाणंद, आणि तू चालत चालत परत तिथेच येतोस. हे तर चित्रातच सगळ्यात भारी दिसेल. पहिल्या पानावर जांभ्याचा गडगा, एक चिरा निखळलेला, पलीकडे बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक. दोन पानांनंतर तोच गडगा, तोच निखळलेला चिरा. अजून दोन पानांनी परत तोच, फक्त आता तो निखळलेला चिरा जागेवर बसवलेला आहे. कोणी बसवला ते सांगायचं नाही. शब्द एकही घालू नकोस त्या पानावर, हात जोडून सांगते.

आणि तू कुडाळचा असून पिंगुळीला गेला नाहीस असं होऊ देऊ नकोस. तिथली चित्रकथी म्हणजे दुसरं काय आहे, रात्री दिव्याच्या उजेडात एकेक चित्र पुढे धरून गाऊन सांगितलेली गोष्ट. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, पिंगुळीत त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण आहे, तिथे जुन्या पोथ्यांबरोबर चामड्याच्या बाहुल्याही बघायला मिळतात. राक्षसाचे डोळे नुसते बघून ये. गोष्टी रामायण-महाभारतातल्या आहेत, भुताच्या नाहीत, पण पुढचं चित्र कधी वर काढायचं आणि तोवर किती वेळ गात राहायचं ही जी त्यांची पकड आहे ती कॉलेजात कोणी शिकवणार नाही.

ताई, तुमका कधी भूत गावला काय?
*(मालवण)*

नाय ओ. फुडे.

कोकणातल्या भुतांची यादी कुठे मिळेल? आजीला विचारलं तर प्रत्येक वेळी वेगळं सांगते.
*(दापोली)*

आजीचं बरोबर आहे, तिचं ऐका, वेगळं सांगते म्हणूनच ऐका. छापील हवं असेल तर १९१५ मध्ये एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेल्या लोककथा-टिपणांचा कोकणचा खंड आहे, इंग्रजीत, स्कॅन नेटवर फुकट मिळतो. त्यामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. ती माहिती मुळात जमवली होती जॅक्सनने, हो तोच, नाशिकचा कलेक्टर, २१ डिसेंबर १९०९ ला नाटक बघायला गेला असताना अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळ्या घातल्या. जॅक्सनने गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरं मागवली होती. गावात भुतं कोणती, कुठल्या झाडावर राहतात, उतरवतात कशी. पानाच्या तळाला बारीक अक्षरात शाळामास्तर आणि गावाचं नाव येतं, म्हणजे कोकणातल्या भुतांची ही मोठी नोंद मास्तरांच्या हस्ताक्षरातली आहे म्हणा ना. साहेबाला हवं तसं लिहिलं असेल, थोडं मीठमसाला लावूनही लिहिलं असेल, ते वाचताना लक्षात ठेवायचं.

पण नुसती यादी घेऊन काय करणार? मुंजा, हडळ, अलवंत, खवीस, समंध, गिऱ्हा, देवचार, जखीण अशी नावं पत्त्यांसारखी पिसली की गोष्ट होत नाही. प्रत्येक नावाखाली कोण मेलंय ते बघा. मुंज झाली, लग्नाआधी पोरगा गेला, तो मुंजा, पिंपळावर. बाळंतपणात बाई गेली ती हडळ किंवा अलवंत. पूर्वी गावात सुईण सोडून कोणी नाही, पावसात व्हाळ भरलेला, तालुक्याला नेणार कसं, अशा किती गेल्या असतील. आणि गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की तिकडच्या परीकथांत पावलोपावली सावत्र आया आहेत त्याचं एक कारण तेच आहे, पहिल्या बायका बाळंतपणात जायच्या. (काही आया ग्रिमांनीच सावत्र केल्या ते वर लिहिलंय, पण बाकीच्या तशाच आल्यात.) त्यांच्याकडे मेलेल्या आईच्या जागी दुसरी आली, तिला चेटकीण केली. आपण त्या मेलेलीलाच झाडावर बसवली. मला विचाराल तर हडळीचं चित्र काढताना उलटी पावलं वगैरे सगळं काढा, पण तिच्या पोलक्यावर दुधाचा ओला डाग काढा. मग बघा कोण घाबरतं आणि कोण रडतं.

तुमच्यासारखी मासिकं असं छापतात म्हणून अंधश्रद्धा वाढते. जबाबदारी वाटत नाही का?
*(निवृत्त शिक्षक, गुहागर)*

सर, वाटते, म्हणूनच उत्तर देतेय. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, अमक्याने करणी केली म्हणून गावात एखाद्याचं नाव घेणं, हे गुन्हे आहेत. गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही आणि तो असूही नये. पण सीमारेषा आहे हे मान्य. आमच्याकडे "सत्य घटना, अमुक वाडीतल्या अमुक विधवेबद्दल" अशी गोष्ट आली की ती परत जाते, चित्रं कितीही चांगली असोत. एकटी राहणारी म्हातारी बाई ही चेटकीण, हा जो युरोपातून आलेला आणि आपल्याकडेही आधीपासून असलेला साचा आहे ना, त्याने खऱ्या बायकांचे हाल झालेत. तिला सोडून बाकी कोणालाही भूत करा. मला विचाराल तर सावकाराला करा, खोताला करा.

शाईने काम करतो, पण जून ते सप्टेंबर कागद एवढा दमट होतो की रेघ फुटते. रत्नागिरीत राहून काळं-पांढरं करायचंच नाही का?
*(रत्नागिरी)*

करा की. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, आत सिलिका जेलच्या पुड्या, लागेल तेवढाच बाहेर काढायचा. साध्या कार्ट्रिज पेपरऐवजी जाड, चांगला सायझिंग असलेला कागद घ्या, तो पाणी पटकन पीत नाही. पूर्ण झालेली चित्रं मात्र लगेच स्कॅन करा, पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चित्रावर बुरशी आली तर ती काही चमकणारी नसते. रेघांचं काम ६०० डीपीआयला करा. आणि एक छापखान्यातली गोष्ट: आपल्या मासिकाचा कागद शाई पसरवतो, त्यामुळे झाडीत बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी केली तर छापून येताना सगळा एक काळा डबका होतो. काळं तर पूर्ण काळं, पांढरं तर धीटपणे पांढरं सोडा. भीती त्या सोडलेल्या पांढऱ्यात बसवता येते.

आमच्याकडे गावपळण असते. त्यावर चित्रकथा केली तर देव कोपेल असं घरचे म्हणतात. करू का?
*(आचऱ्याजवळचं एक गाव, मालवण तालुका)*

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळं घेऊन, आणि तीन दिवस तीन रात्री माळावर झोपड्या, राहुट्या टाकून राहतो. तेवढे दिवस गाव रिकामा. अशी सुरुवात जगातल्या कुठल्याही भयकथाकाराला आयती मिळाली तर तो नाचेल, आणि तुमच्याकडे ती परंपरेने चालत आलीय.

करा, पण दोन गोष्टी सांभाळा. देवाचं नाव, गावाचं नाव बदला, आणि देवाला भुताच्या जागी बसवू नका. आपल्याकडे हा गोंधळ फार होतो, विशेषतः वेताळाच्या बाबतीत. आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, बघा, लोक त्याला केळीचे घड देतात, भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. म्हणजे बाहेरच्याला जे भूत वाटतं तो गावाचा रात्रपाळीचा माणूस आहे. त्याला रक्त पिताना दाखवलंत तर देवाचं माहीत नाही, गावकरी नक्की कोपतील, आणि बरोबरच कोपतील.

दुसरं म्हणजे रिकाम्या गावात भूतच दाखवायला पाहिजे असं नाही. नॉर्वेच्या किट्टेलसेनने १९०० मध्ये प्लेगवर चित्रांचं पुस्तक केलं, त्यात साथ म्हणजे एक म्हातारी, हातात दाताळं आणि झाडू. दाताळं फिरवलं तर काही जण वाचतात, झाडू फिरवला तर कोणी नाही. बाकी ती काहीच करत नाही, नुसती येते. त्या हिशोबाने विचार करा. तीन दिवसांनी लोक परत येतात, सगळं जसंच्या तसं आहे, फक्त प्रत्येक घरापुढच्या खळ्यात ताजं शेणसारवण झालेलं आहे. एवढंच. पुढचं तुम्ही बघा. घरच्यांना आधी वाचून दाखवा, मानकऱ्यांपैकी कोणी ओळखीचं असेल तर त्यांनाही, त्यांच्याकडून चार गोष्टी जास्तच मिळतील.

मी नववीत आहे. माझी गोष्ट: तीन मुलं मे महिन्यात देवराईतून फांद्या तोडून ऐनाचे स्टंप बनवतात. मग एकेक मुलगा आउट झाला की मरतो. शेवट सुचत नाही. चित्रं मीच काढतो.
*(देवगड)*

अरे, स्टंप ही आयडिया फार म्हणजे फारच आवडली! या महिन्यातली सगळ्यात चांगली. पण आउट झाला की मरतो हे नको रे, ते सिनेमावाले करतात, आणि तिसऱ्या विकेटला वाचणाऱ्याला कळलेलं असतं पुढे काय. मारू नकोस कोणालाच. आधी झाड बदल, ऐनाचं लाकूड भयंकर कठीण, तुम्ही पोरं कोयत्याने त्याचे स्टंप तासणार कधी आणि खेळणार कधी. पांगारा घे. पांगाऱ्याची फांदी नुसती मातीत खोचली तरी धरते, कुंपणाला आपण लावतोच की. म्हणजे मे महिन्यात मळ्यात स्टंप ठोकले, पहिला पाऊस आला, पोरं पळाली, स्टंप तिथेच राहिले, आणि चार दिवसांनी बघतात तर तिन्हींना पालवी. इथपर्यंत तर भूत लागलंच नाही, हे खरंच होतं. आता पुढे देवराई त्यांच्या घराकडे किती सरकली हे प्रत्येक पानावर थोडं थोडं दाखव, पोरं बोलतायत दुसऱ्याच कशाबद्दल, अभ्यासाबद्दल वगैरे, आणि मागे खिडकीतून झाडं जवळ येतायत. शेवटी त्यांनी काय करावं, फांदी परत नेऊन द्यावी की माफी मागावी की आजोबांना खरं सांगावं, ते तू ठरव, मी सांगितलं तर ती माझी गोष्ट होईल.

आठ पानांत बसव, आमच्याकडे तेवढीच जागा आहे. पेन्सिलीत पाठवलीस तरी चालेल, फक्त रेघांच्या वहीत काढू नको, स्कॅन केलं की रेघा येतात आणि त्या काढत बसायला आमच्याकडे माणूस नाही. पाकिटावर शाळेचं नाव लिहिलं नाहीस तरी चालेल, पण आईचा फोन नंबर आत चिठ्ठीत लिही, मानधन तिच्याकडेच पाठवावं लागेल.